पायरीवरचे दोघे

मुलांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. तुमचंच घर. दार सताड उघडं आहे. आत माणसं बोलताहेत आणि त्यातला प्रत्येक आवाज तुमच्या ओळखीचा आहे. मांजर तुमच्याकडे न बघता उंबरठा ओलांडून आत जातं. तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, "येऊ नको" असंही कोणी म्हटलेलं नाही. तरी तुम्ही बाहेरच्या पायरीवर बसून आहात आणि पाय काही आत वळत नाहीत. किती वेळ बसाल? दहा मिनिटं? अर्धा तास? मोठी माणसं याबाबतीत तुमच्यापेक्षा चिवट असतात. अमृत वाघमोडे त्या शनिवारी सकाळी साडेअकराला येऊन मिरजेच्या घराच्या पायरीवर बसला होता, आणि आता अडीच वाजत आले होते.

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता.

या घराचा ईस्टरचा रिवाज मागच्या प्रकरणांत आला आहे. जे पुस्तक मधेच उघडून बसले असतील त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. हरणाबाई म्हणजे अमृतच्या वडिलांची, नाथाजी मास्तरांची, आजी. मेंढरांमागून कडेगावाकडच्या माळावर फिरणारी बाई. आजारी नवऱ्याला घेऊन ती मिरजेच्या दवाखान्यात आली, इथंच राहिली आणि इथंच तिनं येशूला आपला मानलं. तेव्हाच्या एवढ्याशा ख्रिस्ती मंडळीत पहिल्यांदा प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायची. त्या दिवशी कोणाकडे भाकर नव्हती. हरणाबाईनं आपल्या गाठोड्यातल्या दशम्या काढून दिल्या. दुधात कणीक भिजवून केलेल्या, माळावर चार दिवस टिकणाऱ्या. तेव्हापासून दर ईस्टरला मंडळीची भाकर वाघमोड्यांच्या घरून जाते, आणि ती दशमीच असते.

पण हरणाबाईनं एक अट घातली होती. घरात जेवढे हजर असतील तेवढ्या सगळ्यांचा हात त्या कणकेला लागला पाहिजे. ज्यानं घरातल्या कोणाचं वाईट केलं असेल त्यानं आपणहून बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. त्याला कोणी हाकलायचं नाही. आणि ज्याचं वाईट झालं त्यानंच येऊन त्याला आत बोलवायचं. "ज्येचं दुखलं, त्येनंच बोलवायचं," असं ती म्हणायची. "बाकीच्यास्नी काय जातंय बोलवायला!" हे जमलं नाही तर त्या वर्षी घरून भाकर जात नाही. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, निरोप द्यायचा, दुसरीकडून आणा म्हणून. असं आजवर दोनदाच झालं होतं.

स्वयंपाकघरात राहीबाईंनी दुधाचं पातेलं खाली उतरवलं. त्या नाथाजी मास्तरांच्या पत्नी, वयानं पंचाहत्तरीच्या, आणि बोलणं अजून माहेरच्या गावचंच.

"पोरगं उन्हात बसलंय," त्या म्हणाल्या. बोलल्या दुधाशी, पण ऐकायचं होतं वीरधवलनं.

वीरधवल त्यांचा थोरला. तो परातीत पीठ चाळत होता. "उन्हात कुठं? पायरीवर दोनपासून सावली आहे."

"म्हंजे तू घड्याळ लावून बसलायस व्हय रं?"

मंगल, वीरधवलची बायको, तोंडाला पदर लावून हसली.

"हसू नकोस," वीरधवल म्हणाला. "सहा वर्षं लोक मला विचारत होते, तुमच्या बहिणीनं औषध चुकवलं म्हणे. आणि मी मान खाली घालून घरी येत होतो. आता कळतं, चूक तिची नव्हतीच. आणि हा पायरीवर येऊन बसला की झालं?"

"झालं कुनी म्हटलंय? पन भुकेलं हाय."

"मग ताट नेऊन दे."

"दिलं हुतं. नको म्हनतोय. पानी तेवढं घेतलं."

झालं होतं ते असं. विजयमाला, मास्तरांची मधली मुलगी, एका लहानशा खाजगी दवाखान्यात नर्स होती. धाकटा अमृत तिथंच औषधांच्या खोलीत होता. प्रत्येक खाटेचा औषधांचा ट्रे तो भरायचा आणि नर्सनं तो न्यायचा. एका दुपारी त्याच्या हातून दोन खाटांच्या ट्रेमधल्या औषधांची अदलाबदल झाली. विजयमालेनं ट्रेवरचा नंबर बघून औषध दिलं. एक म्हातारे गृहस्थ दोन दिवस फार आजारी झाले. तिसऱ्या दिवशी सावरले, देवाची दया. चौकशी झाली तेव्हा अमृत म्हणाला, "मी ट्रे बरोबरच भरला होता." एवढंच. पुढचं काही त्याला म्हणावं लागलं नाही. विजयमालेची नोकरी गेली. ती साताऱ्याला मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीच्या कामाला लागली. अमृतला त्या खोलीत बसवेना. चार महिन्यांनी तोही शिरवळच्या कारखान्यात निघून गेला. नाताळला दोघं घरी यायची. ईस्टरला मात्र दोघांनाही सुट्टी मिळायची नाही. दरवर्षी.

गेल्या महिन्यात अमृतनं तीन पत्रं लिहिली. एक दवाखान्याला, एक वडिलांना, एक बहिणीला. तिघांना त्यानं एकच गोष्ट कळवली होती: ट्रे मीच चुकवला होता.

बाहेर सई येऊन अमृतच्या वरच्या पायरीवर बसली. ती वीरधवल आणि मंगलची मुलगी, नऊ वर्षांची. चड्डीच्या खिशात शेंगदाणे होते. तिनं मूठभर काढून काकापुढे धरले. त्यानं एक उचलला.

"काका, तुम्ही इथं का बसलाय ते मला माहितीये."

"काय माहितीये?"

"तुम्ही खोटं बोलला होता."

"व्हय."

"मोठं होतं की छोटं?"

अमृतनं विचार केला. "छोटं होतं. एका वाक्याचं."

"मग दुसऱ्या दिवशी खरं का नाही सांगितलं?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. ट्रे चुकला ते, आणि काल खोटं बोललो ते. तिसऱ्या दिवशी अक्काची नोकरी गेली. मग तीन झाल्या."

सईनं बोटं मोजायला घेतली, मग सोडून दिली. "सहा वर्षांच्या लय होतील."

"म्हणून तर पत्र लिहिलं. तोंडात मावल्या नसत्या."

"पण मग आता आत का येत नाही? सांगून तर झालं."

"सांगणं माझ्याकडं होतं. बोलावणं अक्काकडं हाय."

सईनं एक दाणा सोलला. तिला हे बरोबर वाटलं आणि चूकही वाटलं. असं दोन्ही एकदम वाटतं कधीकधी. तुम्हालाही वाटलं असेल.

रिक्षा वळणावर दिसली तेव्हा अमृत उठून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. विजयमाला उतरली. निळी सुती साडी, खांद्याला पिशवी, कपाळावर प्रवासाचा घाम. तिनं आधी सईच्या डोक्यावरून हात फिरवला. मग अमृतकडे पाहिलं. आत न जाता तिनं पिशवी पायरीवर ठेवली आणि तिथंच बसली.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. सई दोन पायऱ्या वर सरकली, पण गेली नाही.

"जेवलास?"

"न्हाई."

"पत्र मिळालं तुझं."

"अक्का, मी..."

"थांब. मला बोलू दे. कराडपासून मनात जुळवत आलेय. तू मधे बोललास तर विस्कटेल सगळं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "नोकरी गेली त्याचं दुःख झालं, पण ते सरलं. मुलींचं वसतिगृह मला आवडतं. माझं दुसरंच आहे. दर नाताळला तू माझ्या शेजारी जेवायला बसायचास. माझ्या ताटात करंजी वाढायचास. आणि विचारायचास, अक्का, साताऱ्यात कसं चाललंय? पत्र वाचल्यापासून मला ते विचारणं टोचतंय."

"मला तवाबी टोचत हुतं."

"तरी विचारलंस."

"व्हय," अमृत म्हणाला. तो आणखी काहीतरी म्हणणार होता, पण त्यानं ते तसंच ठेवलं. एवढं तरी सहा वर्षांत तो शिकला होता.

समोरच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. विजयमालेनं पिशवी बाजूला सरकवली.

"मी तुला क्षमा केली," ती म्हणाली. "सोमवारी केली. मुली शाळेत गेल्यावर एकटी बसून प्रार्थना केली आणि केली. मंगळवारी सकाळी उठले तर परत तोच राग. म्हणजे बघ, दिलेली परत घेतली. बुधवारी पुन्हा दिली."

अमृतला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आज शनिवार हाय, अक्का."

"आजची आजच्यापुरती आहे. उद्या सकाळी उठून पुन्हा देईन. माझ्याकडून लगेच हसूनखेळून बोलणं होणार नाही, ती घाई करू नकोस. पण पायरीवर नको बसू. अमृत, आत ये."

अशी झाली ती गोष्ट. ज्याचं दुखलं त्यानं बोलावलं. हरणाबाईची अट पुरी झाली, असं सईला वाटलं आणि ती उडी मारून उठली.

पण दारात नाथाजी मास्तर उभे होते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ताठ माणूस. शिक्षक म्हणून पस्तीस वर्षं, मंडळीचे पंच म्हणून तीस, आणि रविवारच्या शाळेचे प्रमुख त्याहून जास्त. हातात चष्मा होता. म्हणजे मधल्या खोलीत वाचता वाचता थांबून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"विजू, आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "तू क्षमा केलीस, ते तुझं मन मोठं आहे. पण घरातलं घरात मिटलं. चूक चारचौघांत झाली आहे. अमृतनं आधी उद्या मंडळीपुढे उभं राहून सांगावं, मग कणकेला हात लावावा. पुढच्या वर्षी."

"आण्णा, मी सांगणार हाय उद्या," अमृत म्हणाला. "पाळकसाहेबांना फोन केलाय मी."

"मग आधी सांग. मी पंच आहे. स्वतःच्या मुलाला मागच्या दारानं आत घेतलं, असं कोणी म्हणायला नको."

विजयमाला पिशवी उचलत होती. ती तशीच वाकलेली थांबली.

"हे तुमचं वाक्य मी आधी ऐकलंय, आण्णा," ती हळू म्हणाली आणि आत गेली.

अमृत पुन्हा पायरीवर बसला. "आण्णांनी म्हटल्याबिगर नको," तो सईला म्हणाला. सईचा चेहरा असा झाला, जणू बरोबर सोडवलेलं गणित शाळेत चूक ठरलं असावं.

स्वयंपाकघरात राहीबाईंनी मुलीचा हात धरला. इतका वेळ त्या याच हातासाठी थांबल्या होत्या. "विजे, तू तरी सांग तुज्या बापास्नी. तुजं ऐकतील. भावाच्या बाजूनं बोल गं."

"बोलते, आई. पण त्या वेळी माझ्या बाजूनं कोण बोललं होतं?"

राहीबाईंचा हात सैल झाला. त्या पाटावर बसल्या. मंगल चुलीकडे तोंड करून उभी राहिली. वीरधवलची चाळणी थांबली.

राहीबाईंना तो रविवार आठवत होता. विजयमालेची नोकरी गेल्याला आठवडा झाला होता, आणि मास्तर तिच्याबद्दल मनाशी काही ठरवून बसले होते. त्यांनी भाकरी थापता थापता दहादा ठरवलं होतं, आज ह्यांना म्हणायचं, आवं, आधी पोरीला विचारा तरी. आणि दहादा भाकरी तव्यावर टाकून गप्प बसल्या होत्या.

"मी न्हाई बोलले," त्या म्हणाल्या. "बोलायचं हुतं. पन ह्यास्नी भ्याले."

"हे एकदा सांगितलं असतंस तर मी दर ईस्टरला आले असते."

"तुला सुट्टी मिळत नव्हती न्हवं?"

"आई, वसतिगृहाच्या मुलीसुद्धा ईस्टरला घरी जातात."

राहीबाई उठायला लागल्या. "मग मी बी बसते पायरीवर. त्येच्यापाशी."

"तू बसलीस तर दूध कोण बघणार?" विजयमाला खाली वाकली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून थांबली. "मी बोलावलं तुला. झालं. बस इथं."

"माझंही कधी एवढ्यात मिटलं असतं तर!" मंगल म्हणाली, "माझ्या सासूबाई मला पायरीवरनं दोन दिवस उठवायच्या नाहीत."

"आगं, मी हितंच हाय!" राहीबाई म्हणाल्या. वीरधवलसुद्धा हसला.

मास्तर आत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. चारला भाकर न्यायला पाळकसाहेबांचा माणूस येणार होता, आणि एप्रिलच्या उकाड्यात दुधातली कणीक तासभर ठेवायची सोय नव्हती. राहीबाईंनी पिठात मीठ आणि कोमट दूध घातलं होतं. परात जमिनीवर मध्ये होती. पितळेची, जड, रिकामी असली तरी दोन हातांनी उचलावी लागणारी.

"बोलावणं झालंय, भाकर अडणार नाही. जे आत आहेत त्यांनी हात लावा," मास्तर म्हणाले. थोरल्यांचा मान पहिला. ते खाली बसले, बाही वर केली आणि कणकेत हात घातला. मग राहीबाईंनी. मग वीरधवलनं, मंगलनं. सई सगळ्यांत लहान, तिची पाळी शेवटी. तिच्या आधी आत्या.

विजयमालेनं हात धुतले, पुसले, परातीजवळ आली. आणि उभी राहिली.

"ये, विजू," वीरधवल म्हणाला.

"माझं एकाशी अजून राहिलंय, दादा."

वीरधवलनं कपाळाला आठ्या घातल्या. "मग अमृतला आत ये म्हणालीस कशाला?"

"त्याच्याशी नाही. त्याच्याशी पायरीवर झालं. आईशी आत्ता झालं." तिचा आवाज वर चढला नाही. वसतिगृहात साठ मुली असतात. आवाज चढवून काही होत नाही, हे तिला कळलं होतं. "माझी चूक आहे की नाही हे दवाखान्यानं मला विचारलं. लेखी विचारलं. मी सांगितलं, त्यांनी मानलं नाही, ते परके. पण घरी मला कोणी विचारलंच नाही. त्या रविवारी सकाळी रविवारच्या शाळेत माझा वर्ग होता. सतरा मुलं होती. मी दारापाशी पोचले आणि मला सांगितलं, तीन महिने वर्ग घेऊ नकोस. तीन महिन्यांनी कोणी बोलावलं नाही."

वीरधवलनं हळूच कणकेतून हात काढला. तो वर्ग त्यानं पुढे वर्षभर घेतला होता. मुलं विचारायची, विजूबाई कधी येणार? तो म्हणायचा, येतील.

"आण्णा," तो म्हणाला, "विजू बरोबर बोलतेय."

सकाळपासून तो आण्णांच्या बाजूनं होता. हे बोलताना त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

नाथाजी मास्तरांचा हात मनगटापर्यंत कणकेत होता. त्यांनी तो काढला नाही. त्यांना एकेक गोष्ट नीट आठवत होती. आयुष्यभर त्यांनी आपल्या आठवणीचा अभिमान बाळगला होता. त्या रविवारी उपासनेनंतर दोन जण त्यांच्याजवळ येऊन म्हणाले होते, मास्तर, शिस्त म्हणजे शिस्त. तुम्ही पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. घरी येताना ते हळू चालले होते, ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत. आणि ती? ती त्यांच्या चार पावलं पुढं होती, एकटी. तिची पाठ त्यांना दिसत होती. त्यांनी हाक मारली नव्हती.

आणि अमृतचं पत्र आल्यावर? मुलाचा राग आला होता. घराण्याचं नाव गेलं म्हणून वाईट वाटलं होतं. पत्र तीनदा वाचलं होतं. पण विजूला एक फोन करावा, हे महिनाभरात सुचलं नव्हतं. आज पायरीवर कोणी बसायचं हे ते ठरवत होते, आणि आपली जागा कुठं आहे याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सहा ईस्टर त्यांनी याच कणकेला पहिला हात लावला होता.

त्यांनी बोटं एकेक करून निपटली. कणकेचा गोळा परातीत परत ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आण्णा, तुम्ही कशाला..." वीरधवलनं दंड धरला.

"सोड," मास्तर म्हणाले. चिडून नाही. "नियम वयानं सुटत नाही."

ते दारातून बाहेर गेले. अमृतनं वळून पाहिलं आणि गडबडून उठायला लागला.

"बस. सरक जरा."

"आण्णा, तुमी हितं? तुमी आत बसा. मी हाय की हितं."

"तुझी तू बस. माझी पाळी सहा वर्षं तुंबलीय." ते त्याच्या शेजारी टेकले. पायरी रुंद नव्हती. दोघांचे खांदे लागले. मग मास्तर म्हणाले, "पायरी फार टणक आहे रे."

"सकाळपासनं तेच म्हंतोय."

"तू सकाळपासून काही म्हणाला नाहीस."

"मनात."

मास्तरांना आपल्या मुलाचं हे उत्तर आवडलं. त्यांना आठवलं, लहानपणी हा असाच बोलायचा. कधी बंद झाला, ते मात्र आठवेना.

आतल्या खोलीच्या दाराशी विजयमाला येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे बाकीचे. मास्तरांनी मान वळवली, पण पायरीवरून उठले नाहीत. बसूनच बोलले, रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कारण त्यांना हळू बोलता येत नसे.

"विजू, मी तुला न विचारता निकाल दिला. शिस्तीसाठी दिला असं मी सांगत आलो. ते सगळं खरं नाही. लोक म्हणाले, मास्तरांनी स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही. ते मला ऐकायला आवडलं. तुझ्यापेक्षा जास्त आवडलं. मला क्षमा कर." त्यांनी श्वास घेतला. "उद्या अमृत मंडळीपुढे उभा राहील. त्याच्या आधी मी राहीन. आणि तो वर्ग तुझा आहे. तू घे, नको घेऊस, साताऱ्यातच राहा. पण तो तुझा होता आणि तुझा आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगेन. तू आत्ता बोलावलं नाहीस तरी सांगेन."

विजयमालेला दोनच शब्द म्हणायचे होते. आत या. ती चौकटीला धरून उभी होती. रेल्वेत तिनं बरंच जुळवलं होतं, आण्णांशी वाद घालायचा तर काय म्हणायचं, ते गप्प राहिले तर काय, चिडले तर काय. ते असे पायरीवर बसतील याची तयारी तिनं केलेली नव्हती. राग शोधायला गेली तर तो जागेवर नव्हता. पण शब्दही जागेवर नव्हते. तिनं तोंड उघडलं आणि नुसती मान हलली, हो की नाही कळणार नाही अशी.

मास्तर पुन्हा रस्त्याकडे वळले होते. पायरीवरच्या दोघांना पाठमोरं असल्यानं तेवढंही दिसलं नाही.

राहीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंगलनं नवऱ्याकडे पाहिलं. "आई, तू बोलव की," वीरधवल पुटपुटला. "मी कोण बोलवनारी? ज्येचं दुखलं त्येनंच," राहीबाई म्हणाल्या. सगळे थांबले. जागेवरून हललं नाही कोणी. मोठ्यांचं असं होतं; प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत असतो.

सई मागे परातीपाशी एकटीच उरली होती. तिचे हात धुतलेले होते आणि पाळी अजून आलेली नव्हती. तिनं मोठ्यांच्या पाठी पाहिल्या. आजोबा आणि काका बाहेर होते. नियमानं ते आत येऊ शकत नव्हते. आत्याला बोलता येत नव्हतं. ते नियमात कुठंच नव्हतं. तिनं थोडा वेळ विचार केला. कणीक आत असली पाहिजे, असं हरणाबाई म्हणाली होती का? आज्जीनं सांगितलेल्या गोष्टीत तसं काहीच नव्हतं.

ती खाली बसली, परातीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. परात हलली नाही. तिनं पाय घट्ट रोवले आणि पुन्हा ओढली. फरशीवर पितळ खरखरलं. सगळ्यांनी एकदम मागे पाहिलं.

"सई! अगं काय करतेस?" मंगल पुढे झाली.

सईनं आईकडे बघितलं नाही. तिनं परात वीतभर आणली, मग आणखी वीतभर, थेट विजयमालेच्या पायांपर्यंत. तिथं थांबून तिनं वर पाहिलं. तोंड लाल झालं होतं, गालाला पीठ लागलं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "मला एकटीला उचलत नाही. पलीकडची कड धर."

विजयमालेनं पदर कमरेला खोचला आणि वाकून पलीकडची कड धरली. मग सई आपल्याकडची कड पोटाशी घेऊन, उलट्या पावलांनी, उंबरठा कुठं आहे ते टाचेनं चाचपत, पायरीच्या दिशेनं निघाली.